सव्वा हाताचं झाड

इंदूने स्टोव्हला पिन मारून तो नुकता कुठे धडधडता केला होता. दूध वर ठेवलं होतं, बंबात ढलप्या टाकायच्या राहिल्या होत्या, आणि शरच्चंद्र ओसरीवर गालाला साबण लावून कालचाच पेपर पुन्हा वाचत होते. नगरहून पेपर दुपारच्या एस्टीने यायचा, त्यामुळे सकाळी हाती असायचा तो नेहमी शिळाच. तेवढ्यात दाराची कडी वाजली. हळू वाजली, पण थांबेना.

दारात कानिफनाथ दहिफळे, गल्लीच्या टोकाला राहणारे हवालदार, पूर्ण वर्दीत उभे होते. खाकी हाफपँट, डोक्यावर टोपी, आणि दोन्ही हातांत पंच्याने झाकलेली एक कुंडी. बारशाला आणलेलं मूल धरावं तशी त्यांनी ती धरली होती.

"काय झालं हवालदार?"

"झालं काही न्हाई वैनी. व्हायच्या आत आलोय."

त्यांनी पंचा उचलला. लांब, दातेरी, हाताच्या पंजासारखी पानं. इंदूला आधी वाटलं अंबाडीच. मग पानं जरा जास्तच टोकदार वाटली.

"गांजा हाय," हवालदार म्हणाले, आणि ओसरीवरच्या शरच्चंद्रांच्या गालावरचा साबण वाळायला लागला.

कानिफनाथ मूळचे पाथर्डीकडच्या डोंगरातले. घरी कुसळाची जमीन, सात भावंडं. पोलीस भरतीत छाती फुगवून मोजमापात बसले आणि मग ती छाती त्यांनी पुन्हा कधी फुगवली नाही, असं त्यांची बायको चांगुणा म्हणायची. बाजाराच्या दिवशी भांडण लागलं की ते काठी काखेत मारून दोघांच्या मधे उभे राहत आणि "घरी जा, पोरं वाट बघत्यात" असं सांगत. लोक जातही. पण वरच्या साहेबांना असली पोलिसगिरी कळत नसे. त्यातून पूर्वी एकदा झुंजीच्या गुन्ह्यात जप्त केलेला कोंबडा त्यांच्या ताब्यात असताना मेला होता. "मुद्देमालाची हेळसांड" अशी नोंद झाली आणि जमादाराच्या बढतीची फीत तेव्हापासून अडून बसली होती.

आता हे झाड. नदीकाठच्या वस्तीवर श्रीमंत नावाच्या म्हाताऱ्याने ते घरातल्या डब्यात लावलं होतं. नवे फौजदार कायदा नुकताच पाठ करून आलेले. त्यांनी ते मुळासकट कुंडीत घालून जप्त केलं. श्रीमंताच्या वकिलाने कोर्टात सांगितलं, ही तर अंबाडी, गरिबाची भाजी. तेव्हा कोर्टाने म्हटलं, निकालापर्यंत झाड जिवंत ठेवा आणि जसंच्या तसं हजर करा, आम्हीच बघू.

"मग चौकीत ठेवायचं ना," शरच्चंद्र म्हणाले.

"मुद्देमालाच्या खोलीला खिडकी न्हाई मास्तर. चार दिसांत पिवळं पडाय लागलं. घरी नेलं, तर चांगुणाच्या शेळीनं दोन पानं खाल्ली. ती शेळी आख्खा दिवस भिताडाकडं बघून हसत हुती." हवालदारांनी कुंडी खाली ठेवली. "वैनींच्या शेवंत्या सगळं गाव बघतं. साहेबांनी सुपूर्तनाम्यावर सही केलीय. लोक जप्तीचा बैल सांभाळत्यात, तसंच. तुमचं नाव 'प्रतिष्ठित इसम' म्हनून घातलंय."

शरच्चंद्रांनी "प्रतिष्ठित" हा शब्द मनातल्या मनात एकदा उलटसुलट करून पाहिला. "मी सातवीला नागरिकशास्त्र शिकवतो," ते म्हणाले. पण आवाजातला जोर गेला होता.

दूध उतू गेलं. झाड घरात राहिलं.

इंदूने ते माजघरातल्या पूर्वेच्या खिडकीशी ठेवलं. बाहेर ठेवायची सोय नव्हती. शेळ्या होत्या, पोरं होती, आणि गावाला जिभा होत्या. तांदळाचं धुवण घालायची, ऊन फिरेल तशी कुंडी फिरवायची. झाडाने आठवड्यात रंग धरला. आषाढाचं दमट हवामान त्याला मानवलं आणि ते सरसर वर निघालं.

हवालदार रोज सकाळी ड्यूटीवर जाण्याआधी बघायला येत. एके दिवशी ते उंबऱ्यातच थबकले.

"वैनी, हे वाढलंय."

"हो ना. छान लागलंय."

"वाढाय नगं हुतं." ते मटकन खाली बसले. "पंचनाम्यात उंची सव्वा हात लिवलीय. कोर्टानं सांगितलंय जसंच्या तसं. साहेब म्हनाले, दहिफळे, कमी-जास्त झालं तर मुद्देमाल बदलला असा अर्थ निघतो."

"अहो, झाड आहे ते. वाढणारच."

"साहेबांना सांगितलं म्या. साहेब म्हनाले, कायद्यात तशी सवलत न्हाई."

इंदूला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा पाहून तिने ते गिळलं. हा माणूस खरोखरच घाबरला होता. कोंबडा मेला म्हणून एकदा फीत गेली; आता झाड जगलं म्हणून जायची पाळी.

शेवंतीला ती जे करायची तेच तिने केलं. वरचा शेंडा नखाने खुडला. हवालदारांनी डोळे मिटून घेतले.

शेंडा खुडला की झाड चिडतं, हे शेवंती लावणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. एकाच्या जागी दोन शेंडे आले. ते खुडले, तर चार. झाड उंच होईना, पण रुंद व्हायला लागलं. मग तिने जुन्या लुगड्याच्या काठाच्या चिंध्या काढल्या आणि एकेक फांदी हलकेच वाकवून कुंडीच्या काठाला बांधली. सुतळीने कापतं, चिंधी सैल धरते. हवालदार कुंडी धरून बसत आणि ती बांधत असे. त्यांनी काठीवर सव्वा हाताची खूण केली होती. बांधून झालं की काठी उभी धरत आणि मान डोलवत.

"फांद्या किती ते पंचनाम्यात आहे का?" तिने एकदा विचारलं.

"न्हाई. पंचांना मोजायचा कंटाळा आल्ता. देवाची किरपा."

हळूहळू ते स्वतः बांधायला शिकले. जाड बोटं, पण आश्चर्य वाटावं इतकी हलकी. फांदी वाकवताना ते तिच्याशी पुटपुटत, "जरा सोस बाई, तारखेपतूर." पण तारीख काही येत नव्हती. एकदा वकील आजारी पडले, एकदा न्यायाधीश रजेवर गेले. झाड मात्र कुणाच्या रजेसाठी थांबत नव्हतं.

भाद्रपदात महालक्ष्म्यांना श्रीगोंद्याच्या आत्याबाई आल्या. माजघरात शिरल्या आणि कुंडीपुढेच उभ्या राहिल्या. परातीसारखं गोल, दाट, हिरवंगार झाड. कुठे पान वाळलेलं नाही.

"अगं, हे कसलं? काय देखणं आहे. महालक्ष्म्यांपुढे ठेवू या."

"नको आत्याबाई. ते सरकारी आहे."

"सरकारी म्हणजे?"

"म्हणजे पान तुटलं तर पंचनामा होतो."

आत्याबाईंनी शरच्चंद्रांकडे पाहिलं. ते ताम्हन घासण्यात गढून गेले होते. "तुझी बायको बी.ए. झाली तेव्हाच मी म्हटलं होतं," त्या एवढंच म्हणाल्या. काय म्हटलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही.

त्यानंतर वासाचा प्रश्न आला. दिवस लहान व्हायला लागले तसा झाडाला उग्र, चिकट वास सुटला. इंदू सकाळ-संध्याकाळ उदबत्ती लावू लागली. शेजारच्या साळूबाई म्हणाल्या, "मास्तरांकडं हल्ली देवभक्ती लई वाढली." चांगुणा एकदा झाड बघायला आली. नवऱ्याने बांधलेल्या गाठी तिने जवळून पाहिल्या.

"वैनी, ह्यांनी बांधल्या ह्या?"

"त्यांनीच."

"घरात साधी दावन बांधा म्हनलं तर सुटती," चांगुणा म्हणाली, पण जाताना तिने झाडावरून हात फिरवला.

तारीख लागली ती दसऱ्यानंतर. आदल्या संध्याकाळी हवालदार आले आणि घुटमळत उभे राहिले. "वैनी, तुमी बी चला. रस्त्यात एखादी फांदी सुटली तर माझा हात थरथरंल."

कोर्ट चार गल्ल्यांवर होतं. पुढे हवालदार डोक्यावर कुंडीची टोपली घेऊन, मागे इंदू पदर खोचून, आणि तिच्यामागे "मी फक्त इकडून चाललो होतो" असा चेहरा करून शरच्चंद्र. कोर्टात ती मागच्या बाकावर बसली. कुंडी टेबलावर ठेवली गेली. हवालदारांच्या मानेवरचा घाम तिला तिथून दिसत होता.

न्यायाधीशांनी चष्मा वर करून झाडाकडे बराच वेळ पाहिलं.

वकील उठले. "साहेब, ही अंबाडीच आहे."

"वकीलसाहेब, अंबाडीची भाजी आमच्याकडे दर आठवड्याला असते," न्यायाधीश म्हणाले. "आणि ती परातीच्या आकाराची नसते."

तेवढ्यात आरोपीच्या जागेवरून श्रीमंताने मान पुढे काढली. इतका वेळ तो झाडाकडे एकटक बघत होता. त्याच्याने राहवेना.

"साहेब, हे माझं न्हवं. ह्यांनी बदललंय."

कानिफनाथांचा चेहरा पांढरा पडला. फौजदार ताडकन उठले. सगळा पावसाळा ज्याला भीत काढला, ते शेवटी असं समोर आलं होतं.

"कशावरून?" न्यायाधीशांनी विचारलं.

"माझं असलं देखनं कुठं हुतं? माझं बारकं, वाकडं, एका अंगाला झुकल्यालं. तेलाच्या डब्यात लावलं हुतं म्या. ह्याला तर कुनी लेकरागत वाढीवलंय."

"म्हणजे तू लावलं होतंस."

"व्हय. पर ते असं न्हवतं," श्रीमंत म्हणाला, आणि मग त्याला काय बोललो ते कळलं. वकील खाली बसले आणि कागद गोळा करू लागले.

मग न्यायाधीश हवालदारांकडे वळले. "झाड तेच आहे का?"

"तेच हाय साहेब. उंची सव्वा हात." त्यांनी काठी लावून दाखवली. खूण बरोबर शेंड्याशी आली.

"तीन महिन्यांत तसूभरही वाढलं नाही?"

"वाढू दिलं न्हाई साहेब. ऑर्डरीत जसंच्या तसं म्हनलं हुतं." आणि मग त्यांनी शेंडे, चिंध्या, खिडकी, सगळं सांगितलं. कोर्टात कुणीतरी खोकल्याचं निमित्त केलं.

"जसंच्या तसं म्हणजे जिवंत ठेवा, बदलू नका, एवढंच. झाड वाढणार हे कोर्टालाही माहीत आहे. हा अर्थ लावला कुणी?"

फौजदार छताच्या कौलांकडे पाहू लागले. कानिफनाथांनी साहेबांकडे पाहिलं, मग झाडाकडे.

"म्या लावला साहेब. माझी समजूत थोडी जाड हाय."

न्यायाधीशांनीही फौजदारांकडे एकदा पाहिलं. त्यांना काय समजायचं ते समजलं असावं, कारण पुढचं ते फौजदारांकडे बघूनच बोलले. मुद्देमाल इतक्या काळजीने सांभाळलेला आपण नोकरीत पाहिला नाही, तसा शेरा हवालदारांच्या नावाने लिहा. श्रीमंताचं वय बघून त्याला ताकीद देऊन सोडा. झाड आजच्या आज नष्ट करा.

बाहेर पडताना श्रीमंत कुंडीजवळ रेंगाळला. "हवालदारसाहेब, खत कंचं घातलं हो?"

"घरी जा," कानिफनाथ म्हणाले. "पोरं वाट बघत्यात."

कोर्टामागच्या मोकळ्या जागेत पंच उभे राहिले, शिपायाने रॉकेलची बाटली आणली. फौजदारांनी घड्याळ पाहिलं. पण कानिफनाथ उकिडवे बसले आणि एकेक चिंधी सोडायला लागले.

"दहिफळे, चिंध्यांसकट जाळा. वेळ कशाला घालवता?"

"चिंध्या वैनींच्या हायेत साहेब. मुद्देमालात न्हाईत."

साहेबांकडे यावर कलम नव्हतं. सगळ्या गाठी सुटल्या. इंदूला वाटलं होतं, आता फांद्या वर उसळतील. पण त्या तशाच आडव्या राहिल्या, बांधून घातलेल्या वळणात. हवालदारांनी एक फांदी बोटाने वर उचलून पाहिली. सोडली तशी ती परत खाली आली. झाड उपटलं, रॉकेल पडलं, काडी लागली. धूर पंचांकडे गेला तेव्हा पंच जरा जवळच सरकले, आणि शरच्चंद्रांनी इंदूला वाऱ्याच्या वरच्या बाजूला ओढून घेतलं.

राख झाल्यावर पंचांनी सह्या केल्या. साहेब गेले. कानिफनाथांनी चिंध्या झटकल्या, नीट घडी केली आणि इंदूच्या हातात दिल्या. रिकामी कुंडी मात्र त्यांनी काखेतच धरून ठेवली होती.

"सुटलात हवालदार," शरच्चंद्र म्हणाले. "आता फीत मिळेल. पेढे आणा."

"आनतो की मास्तर." ते चालायला लागले, आणि दोन पावलांवर थांबले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी टोपी काढली.

"वैनी, ह्या कुंडीत लावायला मला एखादं रोप द्या. कंचं बी चालंल. फक्त वाढलं तरी चालंल, असं द्या."