शालूच्या घडीतलं घड्याळ

भूत, चकवा, अंगात येणं असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि आजही फारसा नाही. थोरल्या जाऊबाई रानातल्या चकव्याच्या गोष्टी सांगायला लागल्या की मी भाकरी थापत ऐकायचे आणि मनात म्हणायचे, माणसाच्या डोळ्यांवर झोप असेल, वाट चुकली असेल, दुसरं काय... मोबाईलवर लोक आपापले अनुभव लिहितात, ते मी वाचते. त्यातले निम्मे मला रचलेले वाटतात. म्हणून माझा मी कुठे पाठवला नाही, या वहीत लिहून ठेवतेय. कुणाच्या हाती पडलाच आणि त्याने रचलेला म्हटलं, तर माझी तक्रार नाही.

आधी जागा सांगते. माझं सासर जुन्नर तालुक्यात डिंगोऱ्याला. घर मळ्यात, रस्त्यापासून थोडं आत, वर गच्ची. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला. घरात मी आणि माझे मालक, आणि भिंतीला भिंत लावून जाऊबाई. माहेर आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरातली भाताच्या खाचरांची वाडी. वाडीत शाळा चौथीपर्यंत होती, तिथं माझी शाळा संपली. पाठचा भाऊ दत्ता मात्र तालुक्याला जाऊन शिकला. तो आता जपानात एका कारखान्यात आहे.

गेल्याच्या गेल्या दिवाळीत तो आला होता. आमचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, ते जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. शेवटच्या वेळी दत्ताला पोचता आलं नव्हतं. भाऊबीजेला मी ओवाळलं, तर त्याने मनगटावरचं घड्याळ काढून तबकात ठेवलं. पुरुषी, मोठं, काळ्या तबकडीचं.

"ताई, पहिल्या पगाराचं हाय. ह्याला सेल लागत न्हाई, उजेडावर चालतं. घालत जा. न्हाईतर खिडकीत तरी ठेव."

"आन् तुला?"

"मला दुसरं हाय."

आता शेणात, कांद्याच्या वाफ्यात हात घालणाऱ्या बाईने असलं घड्याळ कसं घालावं? उन्हात ठेवलं तर रंग उडेल, खिडकीत ठेवलं तर कुणी उचलेल. मी ते लोखंडी पेटीत, लग्नातल्या शालूच्या घडीत जपून ठेवलं. तो शालू दादांनी भात विकून घेतलेला. माझ्याकडे तेवढी एकच वस्तू जपण्यासारखी, म्हणून तिच्या पोटात दुसरी ठेवली.

दत्ताचा दर रविवारी फोन यायचा आणि तो विचारायचा, "ताई, घड्याळ घालतीस ना?"

मी म्हणायचे, "हो रे, हातातच हाय."

दीड वर्ष मी हे खोटं बोलले. मग यंदा चैत्रात त्याचा फोन आला की वाडीच्या जत्रेला येतोय, आधी दोन दिवस माझ्याकडे राहणार. मी लगेच पेटी उघडली. घड्याळ बंद. काटे नऊ वाजून वीस मिनिटांवर थांबलेले.

दुसऱ्या कुणाचं असतं तर सांगून टाकलं असतं. पण ज्याने पहिल्या पगाराची वस्तू हातातून उतरवून दिली, त्याला काय सांगू? तू दिलेलं मी कोंडून मारलं?

जाऊबाई दारात उभ्या होत्या. "घड्याळाला शालू नेसवलास व्हय गं? वटी पण भरायची व्हती!"

"हसू नका. दत्ता शनिवारी यायचाय."

"मग जा की जुन्नरला. असं बघत बसलं म्हंजे ते चालाया लागणार हाय व्हय?"

आठ दिवस होते. जुन्नरला एक म्हातारे घड्याळवाले बसतात, त्यांच्याकडे गेले. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि मान हलवली.

"बिघडलं न्हाई ताई. उपाशी मेलंय. ह्याचं खाणं उजेड. कुठं ठेवलं व्हतं?"

मी खाली बघून सांगितलं, "पेटीत."

"आमच्या बाया! चांगली वस्तू दिसली की पेटीत." ते हसले. "चार-पाच दिवस ऊन खाऊ द्या. काच उन्हाकडं करायची. पत्र्यावर ठिवू नका, तापंल. आधी सेकंदाचा काटा दोन-दोन घरं उडी मारंल, म्हंजे पोट अजून भरलं न्हाई. एक-एक घर चालाया लागला की भरलं. पण वेळ चुकीची दावंल. ती रेडिओवर लागती."

"आमच्याकडं रेडिओ हाय जुना," मी म्हणाले.

"तो रेडिओ न्हवं ओ. जपानात मोठा टॉवर हाय, तिथनं रात्री लहरी येत्यात, त्या धरून हे आपली वेळ आपणच लावतं. सेकंदाचा फरक ऱ्हात न्हाई. पण त्या लहरी आपल्या मुलखात पोचत न्हाईत. पोट भरलं की आणा, मी हातानं लावून दीन."

मग त्यांनी तबकडीवरची दोन बारीक इंग्रजी अक्षरं दाखवली. मला इंग्रजी येत नाही, पण एक अक्षर गलोलीसारखं होतं, ते लक्षात राहिलं. बटण दाबल्यावर काटा गलोलीवर गेला तर लहर मिळाली, दुसऱ्या अक्षरावर गेला तर नाही. त्यांनी दाबून बघायला सांगितलं नाही, नुसतं माहितीसाठी.

त्या आठवड्यात आमच्या गच्चीवर कुरडया वाळत होत्या. जुन्या साडीवर कुरडयांच्या ओळी आणि मधे घड्याळ. दुसऱ्या दिवशी दुपारी काटा हलला. दोन घरं उडी, थांब, दोन घरं उडी. मी कुरडया उलटायच्या विसरून बघत बसले. मेलेलं काहीतरी खाऊन उठतंय असं वाटत होतं, आणि भीती वाटण्याऐवजी मला मजा वाटत होती.

संध्याकाळी मी ते पूर्वेच्या खिडकीत आणून ठेवायचे, सकाळचं पहिलं ऊन मिळावं म्हणून. चौथ्या दिवशी काटा एक-एक घर चालू लागला. वेळ अर्थातच चुकीची, सकाळी दहाला ते तीन वाजल्याचं दाखवत होतं. ठरवलं, उद्या जुन्नरला जायचं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता चहा ठेवला आणि सहज खिडकीकडे बघितलं. सहा वाजून सात मिनिटं. मोबाईल बघितला. बरोबर सहा.

मालकांना विचारलं. ते म्हणाले, "मला त्याची बटणं तरी ठावं हायत का?" जाऊबाईंना विचारलं. त्या चष्मा लावून आल्या, मोबाईल आणि घड्याळ शेजारी धरलं. "मी कशाला हात लावू बाई तुझ्या शालूवालीला? पण लावलंय कुणी तरी. फकस्त सात मिनिटं पुढं हाय की."

सात मिनिटं... चहा उतू गेला तरी मी तिथंच उभी.

आमच्या वाडीला मुक्कामाची एसटी यायची. रात्री येऊन थांबायची आणि सकाळी सहाला मंचरला जायची. ती चुकली की दुपारपर्यंत गाडी नाही. पण जुन्या ड्रायव्हरच्या हातातलं घड्याळ सात मिनिटं पुढं होतं आणि तो त्याच घड्याळावर गाडी सोडायचा. लोक धावत यायचे, भांडायचे. दादा भांडले नाहीत. त्यांनी घरी येऊन भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढं केलं. रेडिओवर सकाळच्या सातच्या बातम्या लागायच्या तेव्हा आमच्या घरात सात वाजून सात झालेले असायचे. आम्ही विचारलं की म्हणायचे, "रेडिओची वेळ रेडिओला. गाडीची वेळ आपल्याला." पुढे ड्रायव्हर बदलला, गाडीची वेळ बदलली, तरी घड्याळ तसंच राहिलं. दत्ता दहावीला होता तेव्हा त्याची एकही गाडी चुकली नाही. दादा गेल्यावर कौलं उतरवताना ते घड्याळ पडून फुटलं.

ही गोष्ट सासरी कुणालाच माहीत नव्हती. मी कधी सांगितली नव्हती, सांगण्यासारखी वाटलीच नव्हती.

भीत भीत बटण दाबलं. काटा फिरला आणि गलोलीवर जाऊन थांबला.

जुन्नरला मी गेले नाही.

शनिवारी दत्ता आला. घड्याळ हातात घालून, चालतं दाखवून गप्प बसायचं, असं मी ठरवलं होतं. पण पाणी देताना माझ्या मनगटाकडे बघून तो इतका खूश झाला की माझ्याने राहवेना. सगळं सांगितलं — शालू, पेटी, दीड वर्षाचं खोटं, जुन्नर, कुरडया. तो रागावेल असं वाटलं होतं. तो हसला, "आगं, मग खिडकीत ठेव म्हणलो व्हतो की!" आणि हसता हसता त्याने माझा हात धरून घड्याळात बघितलं, मग स्वतःच्या मोबाईलमध्ये. त्याचं हसू थांबलं.

"ताई, हे सात मिनिटं पुढं कुणी केलं?"

"कुणीच न्हाई."

"कुणी तरी केलंच असंल. तू केलंस. दादांची आठवण म्हणून."

"मला येत असतं तर जुन्नरला कशाला गेले असते?"

त्याने बटण दाबलं. काटा गलोलीवर. परत दाबलं, परत तिथंच. मग म्हणाला, "हे म्हणतंय मला लहर मिळाली. जपानची मिळाली असती तर जपानची वेळ दावली असती, साडेतीन तास पुढं. आन् लहरीवर लागलेलं घड्याळ एक सेकंद इकडं-तिकडं व्हत न्हाई. सात मिनिटं कुठनं आली?"

मी म्हणाले, "मला काय इचारतोस? शिकलेला तू."

तेव्हा त्याने जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. दादा गेल्यावर तिकडे खोलीत बसून त्याने हे घड्याळ हाताने सात मिनिटं पुढं केलं होतं. सकाळी उठून बघतो तर बरोबर झालेलं. पुन्हा पुढं केलं, पुन्हा सकाळी बरोबर. "रोज रात्री लहर यायची आन् दादांची सात मिनिटं खाऊन जायची. शेवटी मला ते हातात नकोसं झालं. म्हणून तुझ्या तबकात ठेवलं. चांगलं म्हणून न्हवं ताई... मला सोसंना म्हणून."

म्हणजे खोटं मी एकटीच बोलत नव्हते.

त्या संध्याकाळी त्याने मोबाईलशी सेकंद जुळवून घड्याळ हाताने बरोबर लावलं आणि स्वतः खिडकीत ठेवलं. सकाळी आम्ही दोघं आणि जाऊबाई खिडकीशी उभे. सात मिनिटं पुढं. काटा गलोलीवर. दत्ता म्हणाला, आणखी एकदा. दुसऱ्या सकाळीही तेच. तो तिसऱ्यांदा लावायला लागला तेव्हा जाऊबाईंनी त्याच्या हातावर चापट मारली.

"बास झालं! दोनदा इचारलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा कुणी असा उलटतपास घेतं व्हय?"

जत्रा झाली. जायच्या दिवशी मी घड्याळ त्याच्या मनगटावर बांधलं. म्हणाले, "तुला पायजे व्हतं तसं झालंय आता. घेऊन जा."

त्याने ते कानाशी धरलं, काचेवरून अंगठा फिरवला. गाडीचा हॉर्न वाजला. मग पट्टा सोडून त्याने ते माझ्या हातात ठेवलं.

"तिकडं नेलं की पहिल्याच रात्री बरोबर व्हईल गं. ऱ्हाऊ दे हितंच."

जुन्नरच्या घड्याळवाल्यांना मी नंतर विचारलं. ते म्हणाले, असं होऊच शकत नाही. दत्ताने तिकडे कारखान्यातल्या लोकांना विचारलं, तेही तसंच म्हणाले. कदाचित घड्याळात काही दोष असेल, माझा काही हट्ट नाही. पण दोष असला तर तो मोजून सात मिनिटांचाच कसा, एवढं मला कुणी सांगितलेलं नाही.

घड्याळ आता खिडकीतच असतं. चोराला न्यायचं तर नेऊ दे, पेटीत जाणार नाही. दत्ताचा फोन अजून दर रविवारी येतो. घालतेस का, असं तो आता विचारत नाही. "ताई, किती वाजले?" एवढंच विचारतो. त्याच्या हातातच मोबाईल असतो, माझ्याही. तरी मी उठून खिडकीशी जाते आणि तिथली वेळ सांगते.