देवमाशाच्या पिल्लाला गोडं पाणी

माझ्या सासरी संध्याकाळी टीव्ही बंद असतो. लाइट गेलेली नसते, टीव्ही बिघडलेला नसतो, तरी बंद. आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, रिमोट पदराखाली घेऊन दारात बसतात, कारण त्या वेळेला मेंढरं रानातून घरी येतात. आया दिवसभर चरायला गेलेल्या आणि कोकरं घरी जाळीत कोंडलेली. जाळी उघडली की जो कल्ला उठतो, तो ऐकल्याशिवाय कळायचा नाही. प्रत्येक आई ओरडते, प्रत्येक कोकरू ओरडतं, आणि त्या गोंधळात ज्याचं त्याला आवाजावरून बरोबर सापडतं. शेवटचं कोकरू आईच्या कासेला लागेपर्यंत घरात मिक्सर लावायचा नाही, गाणी लावायची नाहीत, मोठ्यानं बोलायचं नाही. भांडण कितीही रंगात आलेलं असो, तिथं मध्यंतर.

मी सातारा शहरातली, रिटायर्ड सुभेदाराची मुलगी. आमच्या घरी संध्याकाळच्या बातम्या म्हणजे परेड, चुकवायची सोय नाही. लग्न होऊन कडेगावच्या या कोरड्या अंगाला आले आणि मेंढरांपायी माझ्या बातम्या गेल्या. "आत्या, आवाज बारीक ठेवला तर?" असं मी एकदा विचारून पाहिलं. "बारीक म्हंजी बंदच की," त्या म्हणाल्या. मी धुसफुसत भाकरी थापायला गेले.

उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्या बचत गटाची सहल कोकणात निघाली. एक क्रुझर, तिच्यात मावतील त्याहून जास्त बायका आणि बायकांहून जास्त पाण्याचे कॅन. आमच्याकडची माणसं गावाबाहेर पडताना आधी पाणी घेतात, मग कपडे. त्यात कोकणातलं पाणी बाधतं, असं कुणी तरी कुणाला तरी कधी तरी सांगून ठेवलेलं. ड्रायव्हर आमच्याच गावचा, कारखाना चालू असला की ऊस ओढणारा आणि बंद झाला की भाडी मारणारा. पाटण मागं टाकून आम्ही घाट उतरायला लागलो, तेव्हा आत्यांनी विचारलं, "समिंदरावर मेंढरं पाजता येत्यात का गं?" त्यांनी समुद्र कधी बघितलेला नव्हता. मी म्हटलं, नाही येत, खारट असतं. "मग येवढं पाणी ठिवून काय उपेग?" त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून बसल्या.

बेत असा होता की आधी समुद्र, मग देवदर्शन, मग जेवण. समुद्रावर पोचलो तर ओहोटी लागलेली आणि लांब वाळूत माणसांचं कोंडाळं. आम्हा बायकांना कोंडाळं दिसलं की पाय आपोआप वळतात. आत शिरलो तर देवमाशाचं पिल्लू पडलेलं. पिल्लू म्हणायचं, पण लांबीला आमच्या क्रुझरएवढं. काळपट पाठ उन्हानं कोरडी पडत चाललेली, जागोजागी सालपटं निघालेली. मधूनच डोक्यावरच्या भोकातून फुस्स करून श्वास सोडायचं आणि पुन्हा गप्प. एक डोळा आमच्या बाजूला होता.

कोळी बांधव बादल्यांनी समुद्राचं पाणी त्याच्यावर ओतत होते. वनखात्याला फोन झालेला, जनावरांच्या डॉक्टर वाटेत होत्या. आमच्या ड्रायव्हरला एवढी वाट बघवेना. उसाची ट्रॉली चिखलात रुतली की तो जे करतो तेच त्यानं केलं, गाडीतून साखळी काढून आणली. "शेपटाला आडकिवतो, एक हिसडा दिला की पाण्यात," तो म्हणाला. इकडं आत्या वेगळ्याच कारणानं तापल्या होत्या. "आवं, खारं काय वतताय? आधीच कातडं तडकलंय त्येचं," म्हणून त्यांनी कोळ्यांच्या हातातल्या बादल्या थांबवल्या आणि आम्हाला फर्मान सोडलं, "कॅन आणा गं."

आणि आम्ही आणले. हे लिहिताना आज हसू येतं, पण तेव्हा आमच्यातल्या एकीलाही त्यात चूक दिसली नाही. टँकरची वाट बघत मोठ्या झालेल्या बायका आम्ही. पाणी म्हणजे गोडं पाणी, आणि जीव जगवायचा तर घरचं पाणी द्यायचं, हे आमच्या अंगातच भिनलेलं. समोर क्षितिजापर्यंत समुद्र पसरलेला आणि त्याच्या काठावर आम्ही प्यायचं पाणी तांब्यानं जपून जपून देवमाशाच्या पाठीवर घालत होतो.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा शेवटचा कॅन उतरत होता. तरुण पोरगी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. तिनं आधी ड्रायव्हरची साखळी बाजूला करायला लावली. शेपटीला ओढलं की हाडं निखळतात, असं ती म्हणाली. मग आत्यांकडं वळली. "मावशी, हा मासा दिसतो, पण मासा नव्हे. आपल्यासारखाच श्वास घेतो, आईचं दूध पितो. पण राहतो खाऱ्या पाण्यात. त्याला खारंच घाला. फक्त वरच्या भोकात जाऊ देऊ नका."

आत्यांनी बाकीचं सोडून एकच गोष्ट धरली. "दूध पितंय? मग आय कुठं हाय त्येची?"

डॉक्टरीणबाईंनी समुद्राकडं हात केला. कामाचा घाईचा वेळ, तरी ती बोलत राहिली, बोलता बोलता पिल्लाच्या परांखालची वाळू उकरत राहिली. ही माय-लेकरं एकमेकांना आवाजावरून धरून असतात. पाण्यात लांबचं दिसत नाही, ऐकू मात्र लांबचं येतं. आता मोठमोठी जहाजं रात्रंदिवस ये-जा करतात, त्यांच्या इंजिनांचा घरघराट पाण्यात भरून राहतो. त्यात आई हाक मारते ती पिल्लाला पोचत नाही. कधी जहाजाची धडक बसते, कधी जाळ्यात अडकतात. समुद्र तापत चाललाय, त्यामुळं त्यांचं खाणं जागा बदलतं आणि आयांना लांब लांब फिरावं लागतं. कायद्यानं त्यांना वाघासारखं जपलंय, पण घरघराटाला कायदा कोण दाखवणार? याची आई बाहेर कुठं तरी असेल, भरतीला याला आत नेऊन सोडू, ती भेटली तर जगेल.

"आन् न्हाई भेटली तर?"

"नाही जगणार, मावशी."

आत्या पिल्लाजवळ उकिडव्या बसल्या. मग म्हणाल्या, "दुसरी आय लावून बघा की. आमी पोरक्या कोकराला दुसऱ्या मेंढीचं दूध चोळतो आन् तिच्याच खाली घालतो. वासानं घेती ती." डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. समुद्रात तशी दुसरी आणून लावता येत नाही, याला याचीच पाहिजे, असं त्यांनी सांगितलं. आत्यांनी मान हलवली, मग माझ्याकडं वळून बघितलं. "म्हंजी समिंदर हे टीव्ही बंद न करणारं घर झालं म्हणायचं."

मी खाली बघितलं. मला रडू येत होतं आणि ते मी उन्हावर ढकललं.

देवदर्शन राहिलं. आमच्या पिशव्यांतल्या ठेवणीतल्या साड्या समुद्रात भिजवून आम्ही त्याच्या पाठीवर पसरल्या आणि सुकल्या की पुन्हा भिजवल्या. एकीची तर सहलीसाठीच घेतलेली नवी साडी होती. तिनं ती काढून दिली आणि नंतर गावापर्यंत तिचीच आठवण काढत आली. उन्हं कलताना भरती चढली. कोळ्यांनी पिल्लाच्या पोटाखालून जाड कापडाची झोळी घातली, दोन बाजूंना दोन होड्या लावल्या आणि अगदी सावकाश त्याला खोल पाण्यात नेऊन सोडलं. लांबवर पाण्याचा एक फवारा उडालेला दिसला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आत्यांनी नाही वाजवल्या. "आय आजून कुठं मिळालीया त्येला," त्या म्हणाल्या.

परतताना आमच्याजवळ प्यायला थेंब नव्हता. चिपळुणात बाटल्या विकत घ्याव्या लागल्या, म्हणजे शेवटी कोकणातलंच पाणी प्यालो. कुणालाही काही बाधलं नाही.

त्या दिवसापासून आत्यांचा नवा नेम सुरू झाला. मेंढरं आत घेऊन झाली की माझ्याजवळ यायच्या. "लाव त्या बाईला फोन." डॉक्टरीणबाईंचा नंबर मी किनाऱ्यावरच घेतलेला, लावायची. ती बिचारी दर वेळी उचलायची आणि सांगायची की पिल्लू कुठल्याच किनाऱ्याला पुन्हा लागलेलं नाही. काही न कळणं हीच त्यांच्या कामात बरी बातमी असते म्हणे. आत्यांना हे पटत नव्हतं. लागलं नाही म्हणजे भेटली, असं थोडंच आहे? गावात हा चेष्टेचा विषय झाला. पारावरची माणसं मला विचारायची, "काय वैनी, सासूबाईंचा देवमासा काय म्हणतोय?"

मग एका संध्याकाळी शेजारच्या आळीत हळदीचा डीजे लागला. तोही नेमका मेंढरं यायच्या वेळेला. खिडकीच्या काचा हादरत होत्या. जाळी उघडली, पण आज सगळंच फिसकटलं. आया नुसत्या गरागरा फिरत होत्या, कोकरं भलत्याच मेंढीला लुचायला जाऊन लाथा खात होती. कशीबशी एकेक जोडी जुळली, पण एक बारकं कोकरू कुडाच्या कडेला उभं राहून ओरडत राहिलं. तोंड उघडलेलं दिसत होतं, आवाज ऐकू येत नव्हता. आत्या उठेपर्यंत मी चपला घातल्या होत्या.

डीजेवाल्या पोरांपुढं जाऊन मी हात जोडले. "थोडा वेळ बंद ठेवा. कोकरं मिळू देत."

"कोकरं का देवमासा, वैनी?" एक जण म्हणाला. सगळी हसली. मी हलले नाही. माझ्या तोंडाकडं बघून त्यानं बटण दाबलं.

गाव एकदम गप्प झालं. मी घरी येईपर्यंत ते कोकरू ओरडत होतं, आता स्वच्छ ऐकू येत होतं. गोठ्यामागून एका मेंढीनं उत्तर दिलं. कोकरू वळलं, पडलं, उठलं आणि धावत जाऊन कासेला लागलं. शेपटी अशी हलायला लागली की बघत राहावं. आत्या दारात उभ्या होत्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"फोन लाव त्या बाईला," त्या म्हणाल्या.

"आत्या, आज दुपारीच बोललेय मी. काही कळलेलं नाही."

"इचारायला न्हाई गं. सांगायला. म्हणावं, हितलं एक मिळालं."

मी फोन लावला.