कमरखाचं सरबत आणि दादांची उचकी

सुरुवातीलाच माफी मागतो. मी डॉक्टर नाही, लेखकही नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, तेही बी.कॉम.ला. मराठी वाचायला आईने घरीच शिकवलं. अशाने आजारपणावर लिहावं का, हे मला अजून कळत नाही. पण ज्यांच्या घरी किडनीचा पेशंट आहे, त्यांना ही गोष्ट कुणी सांगितली नसेल, म्हणून लिहितो.

कॅज्युअल्टीत डॉक्टर मॅडमनी आईच्या हातातली बाटली उघडून वास घेतला.

"अम्मा, इसमें क्या है?"

"कमरख का सरबत. हिचकी को अच्छा रहता," आई म्हणाली.

"कब से दे रहे?"

"कल रात से... थोडा थोडा."

मॅडम नर्सकडे वळल्या. "डायलिसिस की तैयारी करो, अभी."

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, 'स्टार फ्रूट पॉयझनिंग' झालं होतं. स्टार फ्रूट म्हणजे आपलं कमरख, कापलं की चांदणीसारखं दिसणारं आंबट फळ. त्यात असं काही असतं, जे चांगली किडनी लघवीवाटे बाहेर टाकते. अधू किडनीला ते जमत नाही. ते रक्तात साठतं आणि मेंदूवर चढतं. आधी उचकी, मग भ्रम, मग फिट. "जान भी जा सकती," मॅडम म्हणाल्या.

आईने बाटली पदराखाली घेतली.

तिची चूक म्हणावी तरी कशी? डायबेटिसमुळे दादांचं क्रिएटिनिन वाढलं होतं. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा. तो वाढला की किडनी थकली असं समजायचं. डॉक्टरांनी नारळपाणी आणि केळी बंद केली. उन्हाळ्यात नारळपाण्यावाचून दादा कासावीस व्हायचे. म्हणून आईने माहेरची रीत काढली. तारनाक्याला आमच्या घरामागे कमरखाचं झाड आहे. त्याचा रस, भाजलेलं जिरं, पुदिना. साखर नाही, मीठ नाही. पथ्याचंच वाटलं आम्हाला.

सकाळी उचकी लागली तेव्हा आम्ही हसलो. गौलीगुड्याची आत्या आलेली होती.

"कोण आठवण काढतंय रे दादा? सासुरवाडीचं नाव घे, लगेच थांबेल!"

"त्यांना... उचक्... माझी आठवण कशाला येते!"

"मग गावाकडची म्हैस असेल."

दादांनी एकेक नाव घेतलं. उचकी थांबेना. थांबावी म्हणून आई आणखी सरबत देत राहिली. दुपारी दादांनी मला वारलेल्या काकांच्या नावाने हाक मारली. तेव्हा मी रिक्षा आणायला धावलो.

डायलिसिस म्हणजे यंत्रातून रक्त धुणं. एकदा झालं, तरी उचकी चालूच होती. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा लावलं. बाहेरच्या बाकावर आत्याने डबा उघडला, तर आई म्हणाली, "आता मी कुणाला काही देणार नाही." मी तिच्या शेजारी बसून मॅडमचे शब्द पुन्हा पुन्हा मनात घोळवत होतो. त्यांतला एखादा तरी कमी भीतीचा निघेल म्हणून.

तुमच्याकडे किडनीचा पेशंट असेल तर एवढंच करा: पाला, फळ, काढा, चहा, घरचं म्हणून काहीही द्यायचं असेल, तर आधी डॉक्टरांना नाव सांगून विचारा. "काय खाल्लं?" असं त्यांनी विचारलं की प्यायलेलंही सांगा. आम्ही भाकरी आणि वरण सांगितलं होतं. सरबत आईच्या हातात होतं म्हणून कळलं. आई आता कुठलंही पान घेऊन ओपीडीत जाते. गवती चहाची एक पात चालते म्हणाले. पाण्याचं माप मात्र पाळायचं.

आता दादांचं पुढे काय झालं ते. दुसऱ्या डायलिसिसनंतरच्या सकाळी आतला वॉर्डबॉय दार ढकलून बाहेर आला आणि ओरडला, "दादा के लोगां कौन हैं?"

आम्ही तिघं उभे राहिलो.

"बुड्ढा बहुत सता रा. चाय होना बोलते, घर की होना बोलते, यहां की चाय तो पानी है बोलते."

आईने कसंबसं विचारलं, "और हिचकी?"

"हिचकी? कौनसी हिचकी, अम्मा?"