अण्णांनी वाढलेली पंगत

मैत्रिणींनो, आज दुपारी डोंबिवलीला मावशीकडे मुंजीचं जेवण होतं.

इंग्रजांना जाऊन दहा वर्षं झाली, पण त्यांच्या तुरुंगातल्या बेड्यांनी माझ्या वडिलांचे, अण्णांचे, गुडघे कायमचे आखडले आहेत. पाटावर बसता येत नाही. चारचौघांत त्यांना अवघडायला नको, म्हणून मी त्यांना न विचारताच "अण्णा येणार नाहीत" असं कळवून टाकलं होतं.

सकाळी पाहते तर अण्णा धोतर नेसून तयार! "अगं, बसता येत नाही, वाढता तर येतं ना?"

गुडघे ताठ ठेवून, कमरेत वाकून त्यांनी तिन्ही पंगतींना तूप वाढलं. "भावजी, आता जेवा की!" मावशी ओरडली. मग खिडकीत पानं ठेवून आम्ही दोघं उभ्यानेच जेवलो.

तुम्ही घरच्या दुखणाईताला विचारता, की माझ्यासारखं परस्परच ठरवता?