राखेतली चांदी

उत्तरेतली आमची मराठी रियासत भारतात विलीन झाली आणि बाबांची फौज भारतीय सैन्यात गेली. वयानं पुढे गेलेल्यांना घरी पाठवलं, बाबा त्यांच्यातले. सुभेदारीत उभी हयात गेलेला माणूस सकाळी दाढी करून, बूट घालून ओसरीत नुसता बसून राही. मी तेव्हा कॉलेजात होते. मला ते बघवत नसे.

दसऱ्याच्या सवारीचा त्यांचा जरीचा कोट कसरीनं खाल्ला. आई तो टाकायला निघाली, तेव्हा दारात झारेकरीण उभी होती. नया बाजारातल्या सोनारांच्या दुकानांतला केर नेऊन त्यातून सोनं-चांदी काढायची ती. तिचेही आजे-पणजे आमच्यांसारखेच फौजेबरोबर दक्षिणेतून आलेले. तिनं कोटाची कॉलर नखानं खरवडली.

"बाई, फेकू नका. कापड गेलंय, जर खरी आहे."

"काढून दाखव मग," बाबा ओसरीतून घुश्शात म्हणाले.

"दाखवते. पण समोर बसून बघावं लागेल."

तिनं अंगणात शेगडी मांडली, जर उसवून कढईत जाळली. उरलेली राख परातीत घेऊन इतक्या हलक्या हातानं धुतली, की काळं तेवढं वाहून गेलं आणि तळाशी बारीक तारा राहिल्या. त्या तिनं मुशीत घातल्या, वर चिमूटभर सुहागा, म्हणजे टाकणखार, टाकला आणि भाता मारत राहिली. तारा वितळल्या, त्यांचा पांढरा गोळा झाला. तो निवल्यावर बोराएवढी चांदी तिनं बाबांच्या हातावर ठेवली.

बाबांनी ती उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "भाता मी धरला तर चालेल?"

दुसऱ्या दिवसापासून ते किला गेटजवळ तिच्या भट्टीवर जाऊ लागले. काका घरी येऊन भडकले, "सुभेदार आता राख चिवडणार?"

"आयुष्यभर मी शिस्त शिकवली," बाबा म्हणाले, "पण त्या बाईच्या हातात आहे तेवढी शिस्त कुठे पाहिली नाही."

हळूहळू बाबांचे जुने सोबती आपापले कोट घेऊन भट्टीवर येऊ लागले. एकाची जर दुसऱ्याच्या जरीत तिनं कधी मिसळू दिली नाही. ज्याची त्याची पुरचुंडी वेगळी.

पुढे तिला मोतीबिंदू झाला. मग राख बाबा धुवत आणि ती शेजारी बसून पाण्याचा आवाज ऐके.

"सुभेदार, घाई होतेय."

बाबा मुकाट्यानं हात आवरत.