दोरामावशीचा महिना

दोरामावशी साबण दोऱ्याने कापायची. महिन्याच्या पहिल्या तारखेला अंगाच्या साबणाची नवी वडी घेऊन ती खोलीच्या पायरीवर बसे. कमरेच्या पिशवीतून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढी, दोऱ्याचं एक टोक दातांत धरी, दुसरं बोटाला गुंडाळी आणि दोरा वडीतून हळूच ओढून घेई. आवाज न होता वडीचे दोन सारखे भाग पडत. सुरीने कापला तर भुगा पडतो आणि तो मोरीत वाहून जातो, असं तिचं म्हणणं होतं. अर्धा भाग नळावर जाई, उरलेला पत्र्याच्या डब्यात. "अख्खो साबण हातात इलो काय हात मोठो जाता," ती म्हणे. आजूबाजूच्या मुलांनी तिचं नाव दोरामावशी पाडलं होतं. खरं नाव मला भाड्याच्या कागदावर वाचून कळलं, पण त्या नावाने तिला हाक मारलेली मी कधी ऐकली नाही.

मी पेडण्याकडच्या पार्से गावची. बाबा दुसऱ्यांच्या बागायतीत माडांवर चढून नारळ पाडतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. प्रवेश मडगावला मिळाला, आणि पार्से ते मडगाव रोजची ये-जा जमण्यासारखी नव्हती. बाबांच्या ओळखीच्या एका टेम्पोवाल्याने ही खोली दाखवली. खोलीत आम्ही तिघी होतो: दोरामावशी, कपड्यांच्या दुकानात काम करणारी शीतल आणि मी. भाडं सहा हजार, प्रत्येकीचे दोन. नळ आणि संडास बाहेर.

शहरात महिना कसा काढायचा हे घरी कोणी सांगू शकलं नव्हतं, कारण घरातलं कोणी शहरात राहिलंच नव्हतं. बाबांनी भाडं, जेवण आणि बसचा हिशोब धरून पैसे दिले. बादली, कुलूप, फाइल, मोबाइलचा रिचार्ज हे त्यात कुठेच नव्हतं. झेरॉक्स एवढ्या वेळा लागते हेही मला माहीत नव्हतं. पहिल्या महिन्यात माझे पैसे अठराव्या तारखेला संपले. मी दोन दिवस चहा आणि पावावर काढले आणि विचारलं तर उपास आहे म्हणून सांगितलं.

"उपास?" मावशीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आज बुधवार. बुधवारचो उपास खयच्या देवाचो गो? माका सांग, मीय करतंय."

तिने माझ्यापुढे ताट सरकवलं. उकड्या तांदळाचा भात आणि सुक्या गालमांची, म्हणजे बारीक सुकटीची, आमटी. मी जेवत असताना ती एवढंच म्हणाली, "शहर एकदम मागणा नाय, चेडवा. थोडाथोडा मागता. म्हणान कळणा नाय."

ती मूळची डिचोलीजवळच्या सर्वणची. नवरा सिंधुदुर्गातून खाणीवर ट्रक चालवायला आलेला, त्यामुळे तिच्या बोलण्यात दोन्हीकडचं मिसळलेलं होतं. खाणी थांबल्या, ट्रक गेला, नवरा काम शोधायला म्हणून गावी गेला तो तिकडेच राहिला. हे ती एका दमात सांगे आणि लगेच दुसरं काहीतरी काढी. मडगावला ती एका खानावळीत भाजी चिरायला होती. रोज दहा-बारा किलो कांदा. घरी आली की तिच्या अंगाला कांद्याचा वास येई आणि ती आधी दाराशी उभी राहून पदर झटके. त्याने वास जात नसे. तरी ती झटके.

तिच्याकडून मी शिकले त्याची यादी करावी असं कधी वाटलं नाही, पण हात अजून ते सगळं करतात. मासे बाजार उठायच्या वेळी घ्यायचे. पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, आदल्या दिवशीचे उंडे पाव मागायचे आणि पाणी शिंपडून तव्यावर गरम करायचे. बाबा घरून नारळ पाठवत, तो फोडला की डोळ्यांकडची कवड आधी खवायची, कारण ती लवकर खराब होते. एकदा मी चुकून दुसरी खवली. संध्याकाळी ती म्हणाली, "तुजो बापूस माडार चढता तेव्हा खाली बघता काय?" मी म्हटलं, नाही. "मग तू बघ, एका नारळाक तो किती वर चढता ता." मला त्या वेळी राग आला होता. एका कवडीवरून एवढं कशाला, असं वाटलं होतं.

माझं शिक्षण म्हणजे तिच्या दृष्टीने वाचता येणं. विजेचं बिल, घरमालकिणीची चिठ्ठी, तांदळाच्या पिशवीवरची तारीख, सगळं ती माझ्यापुढे धरी. "वाच गो. तू शिकलेला माणूस." तिला स्वतःला अक्षरं लागत, पण बारीक लिहिलेलं दिसत नसे. मी वाचून दाखवलं की ती मान हलवी आणि शेजारणीला सांगे, "आमचा चेडू सगळा वाचता." ती मला "आमचा" म्हणे तेव्हा मला संकोच वाटे, आणि बरंही वाटे.

दुसऱ्या वर्षी पावसाळा संपता संपता शीतलचं लग्न ठरलं आणि ती गेली. घरमालकीण दाराशी येऊन म्हणाली की दोघी राहा की तिघी राहा, खोलीचे सहा हजारच. तिचंही बरोबर होतं, तिने खोली दिली होती, माणसं मोजून नव्हती दिली. आम्ही तिसरी शोधली. दोघी येऊन बघून गेल्या, नळ बाहेर आहे म्हटल्यावर परत आल्या नाहीत. मला तीन हजार देणं शक्य नव्हतं. त्या वर्षी बाबांच्या गुडघ्याने त्रास द्यायला सुरुवात केली होती आणि ते निम्मेच माड चढत होते. मी ठरवलं की सत्र संपलं की परत जायचं. म्हापशाला एखाद्या दुकानात काम मिळालं असतं. बाबांना तसं सांगायला मी पायरीवर बसून फोन लावला. मावशी कांद्याच्या वासासकट माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि तिने फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"दादा, मी तिच्या खोलयेतली मावशी. चेडू बरा आसा. काय नाय, आवाज ऐकूक फोन केल्यान." तिने फोन बंद करून मला परत दिला. "तू अडीच दी. मी साडेतीन दितंय."

"तू कुठून देणार?"

"माजो महिनो माका म्हायत."

मी आणखी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण उत्तर मिळालं असतं तर मला परत जावं लागलं असतं. हे मला तेव्हा एवढं स्पष्ट कळत नव्हतं. पण अगदीच कळत नव्हतं असंही म्हणता येणार नाही.

त्यानंतरच्या एका रविवारी तिने गोळ्यांचं पाकीट माझ्यापुढे ठेवलं. तिला साखरेचा आजार होता, गोळ्या ती आधीपासून घेत होती. आता त्या अर्ध्या करायच्या होत्या. आधी तिने दोरा लावून पाहिला होता, गोळी निसटून खाटेखाली गेली होती. सुरी लावली तर चुरा झाला. दहा किलो कांदा डोळे मिटून चिरणाऱ्या बाईला शेंगदाण्याएवढी गोळी कापता येत नव्हती. "बोटां बधिर जातत," ती म्हणाली. "तुजो हात बरो."

मी पेन्सिलीच्या ब्लेडने कापून दिल्या. सात गोळ्यांचे चौदा तुकडे, आठवड्याचे, सकाळ-संध्याकाळ एक. मला ते छान जमलं. ब्लेड मधल्या रेघेवर ठेवून अंगठ्याने एकदाच दाबायचं, कट् आवाज येतो आणि दोन सारखे भाग पडतात. कागदावर थोडी पांढरी पूड उरे. मावशी ओल्या बोटाने ती टिपून जिभेला लावी. भुगा वाया घालवायचा नाही. पुढे पाच-सहा महिने दर रविवारी मी हे काम केलं. डॉक्टरांनी प्रमाण कमी केलं असेल असं मी धरून चालले. डॉक्टरांचा कागद त्याच पत्र्याच्या डब्यात होता, उरलेल्या अर्ध्या साबणाखाली. दर पंधरा दिवसांनी मी तो डबा उघडत होते.

एकदा मी म्हटलं होतं, "मावशी, सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात ना?"

"मेळतत. पण रांगेत दिस जाता. एक दिस मी गेलंय नाय तर माज्या जाग्यार उभी रवूक तिघी बायलो आसत. फुकटची गोळी माका परवडणा नाय गो." मग ती हसली. आम्ही दोघी हसलो.

मार्चमध्ये एक दिवस मी कॉलेजातून आले तर खोलीभर लाल ठिपके होते. दारापासून चुलीपर्यंत आणि चुलीपासून खाटेपर्यंत. मावशी खाटेवर बसून लसूण सोलत होती.

"हे रक्त कोणाचं?"

"खयचा रक्त?" तिने वाकून पाहिलं. तिलाही नवल वाटलं. मी तिचा पाय उचलला. चपलेतून एक खिळा वर आला होता आणि टाचेत गेला होता. त्यावर ती खानावळीत दिवसभर उभी राहिली होती, मग चालत घरी आली होती. ती आपल्या पायाकडे असं बघत होती की जणू तो कोणीतरी आमच्याकडे ठेवायला दिलेला होता.

ती दवाखान्यात जायला तयार झाली तेव्हा पाय काळा पडायला लागला होता. डॉक्टर तरुण होते, शांतपणे विचारत होते. गोळ्या नियमित घेता?

"रोज. एक दिस चुकूक नाय," मावशी म्हणाली. मीही मान हलवली. खरंच एक दिवस चुकला नव्हता, मी स्वतः कापून देत होते.

"किती घेता?"

"अर्धी सकाळी, अर्धी सांजेक."

"अर्धी कोणी सांगितली?"

डॉक्टरांनी आधीचा कागद मागितला. मी तो डब्यातून आणला होता, त्याला साबणाचा वास येत होता. त्यांनी तो उघडून माझ्यासमोर धरला. एक गोळी सकाळी, एक संध्याकाळी. अक्षर इतकं स्वच्छ होतं की चौथीतल्या मुलानेही वाचलं असतं. खाली रेघ मारलेली होती: बंद करू नये, कमी करू नये.

"तू शिकतेस ना?" त्यांनी विचारलं. आवाज चढवून नाही. मी हो म्हटलं.

बाहेर बाकावर बसल्यावर मावशीने माझा हात धरला. "तेका खय म्हायत खोलयेचा भाडा किती ता," ती म्हणाली. तिला माझी बाजू घ्यायची होती.

आधी दोन बोटं गेली, मग घोट्यापासून पाऊल. खानावळीत तिच्या जागी दुसऱ्याच आठवड्यात बाई आली होती. सर्वणहून तिचा भाऊ टेम्पो घेऊन आला. सामान फार नव्हतं. निघायच्या आधी तिने डबा मागितला, त्यातला अर्धा साबण काढला, दोरा लावून त्याचे पुन्हा दोन भाग केले आणि एक मला दिला. मी नको म्हणाले. "कित्याक नको? महिनो अजून संपाक नाय," ती म्हणाली. मी त्या खोलीत परीक्षेपर्यंत राहिले. घरमालकिणीने माझ्याकडून जमेल तेवढंच भाडं घेतलं, उरलेले पैसे मी सुट्टीत झेरॉक्सच्या दुकानात काम करून फेडले. पुढच्या वर्षी मला वसतिगृह मिळालं.

मावशी गेली त्याला आता वर्ष होईल. आजार मूत्रपिंडात उतरला होता. मला चार दिवसांनी कळलं, तिच्या भावाला माझा नंबर शोधायला वेळ लागला. त्याआधी मी सर्वणला एकदाच जाऊन आले होते. डिचोलीच्या स्टँडवरून पायलट केला, मोटरसायकलवाल्याने भावाच्या दाराशी सोडलं. मावशी जनेलाकडे, म्हणजे खिडकीपाशी, खाटेवर बसली होती. अर्ध्या झालेल्या पायावर चादर होती. तिच्या अंगाला कांद्याचा वास नव्हता, म्हणून क्षणभर मला ती ओळखीची वाटली नाही.

"इलंस गो चेडवा! बसभाडा किती घेतल्यान?"

मी सांगितलं. ते वाढल्याबद्दल ती बराच वेळ बोलली. तिच्या वहिनीने पेज आणली. मग मावशीने उशीखाली हात घालून गोळ्यांचं पाकीट काढलं, त्याच्यासोबत एक ब्लेड, कागदात नीट गुंडाळलेलं. दोन्ही माझ्यापुढे ठेवलं.

"ह्येंका कोणाक जमणा नाय. चुरो करतत. तुजो हात बरो."

मी म्हटलं, कागद दाखव. वहिनीने भिंतीवरच्या कॅलेंडरमागून काढून दिला. मी तो वाचला, वरून खालपर्यंत, तारखेसकट, मोठ्याने. मग एक गोळी काढून तिच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा पेला हातात दिला. ब्लेड मी माझ्या पर्समध्ये टाकलं. ते अजून तिथेच आहे.

मावशी गोळीकडे बघत राहिली. बोटाने ती उलटी केली.

"अख्खी?"

"अख्खी. सकाळी एक, संध्याकाळी एक. तसंच लिहिलंय."

तिने माझ्याकडे पाहिलं. शिकलेल्या माणसाकडे बघतात तसं, उत्तर मिळेल अशा खात्रीने.

"मग महिनो पुरतलो कसो गो?"