रस्त्यापलीकडे उभा राहणारा

वाकोल्याला आमच्या चाळीत देवीची लस पुन्हा टोचायला माणसं येत, तेव्हा रांग लावायचं काम माझ्याकडे असे. सत्तरच्या दशकातली गोष्ट. एकदा समोरच्या घरात बहिणीसोबत राहायला आलेला एक गृहस्थ रस्त्यापलीकडेच उभा होता. गोळ्यांनी चेहरा गोल फुगलेला, हात पाठीमागे बांधलेले.

"अहो, या ना रांगेत!" मी हाक मारली.

"मला नाही चालत, वहिनी! बहिणीची किडनी बसवलीय. ती टिकावी म्हणून डॉक्टरांनी अंगातली रोगाशी लढायची ताकदच मारून ठेवलीय. ही लस माझ्यावर उलटेल. म्हणून तुम्ही सगळे टोचून घ्या. रोग तुमच्याकडे आला नाही, तर माझ्याकडे कुठून येणार?"

कुणी सटकू लागला की तो तिकडून ओरडे, "ओ शेठ, बायको बघतेय ना!" माणूस हसत परत येई. स्वतःला न मिळणारी गोष्ट दुसऱ्यांना इतक्या हौसेनं घ्यायला लावणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

त्याची बहीण टोचून निघाली, तसा तो सवयीनं तिची पिशवी घ्यायला पुढे झाला.

"मागे हो रे!" ती खेकसली. "दंडावरची खपली पडेपर्यंत जवळ यायचं नाही, त्यातली लस तुला लागेल. एक दिलीय, दुसरी नाही देणार."

तो मित्राकडे राहायला गेला. रोज संध्याकाळी मात्र रस्त्यावर येऊन उभा राही आणि बहीण खिडकीतून दंड दाखवून 'अजून नाही' अशी मान हलवी. एका संध्याकाळी तिनं मान हलवली नाही, नुसतं विचारलं, "भाकरी टाकू?"